एका बाजूचा धनी

तो मांगराच्या मधोमध बसतो. भिंतीला टेकवून चालत नाही. फळी त्याच्याकडे एका अंगाने शिरते आणि दुसऱ्या अंगाने बाहेर पडते, त्यामुळे ६ फुटांच्या फळीला १२-१३ फुटांची सरळ, मोकळी वाट लागते. गोव्यातल्या शिरगावात घरांमागचे मांगर काही लहान नसतात. पण त्यांत नारळांचा ढीग असतो, पाय मोडलेली खाट असते, चतुर्थी आली की खाली काढायची, गणपतीवर टांगायच्या माटोळीची चौकट असते आणि घरात कोणालाच टाकवत नाहीत अशा वस्तूंचा एक कोपरा असतो. हा येणार म्हटले की या सगळ्यांना हलावे लागते. उंबरठा ओलांडायच्या आधीच तो घरात भांडण लावून देतो.

दुकानाच्या पावतीवर तो ‘सरफेस प्लॅनर’ असतो, मेस्तांच्या, म्हणजे सुतारांच्या, तोंडी रंधा मशीन, आणि मोबाईलवर व्हिडिओ पाहून सुतारकाम शिकलेल्या मुलांच्या तोंडी जॉइंटर. अंगाने बिडाचा. ६ इंची पात्याचा असला तरी वजन १०० किलोंच्या पुढे. दोन लांबट टेबले एका रेषेत मांडलेली, मधल्या फटीत आडवा फिरणारा कटर ब्लॉक, त्यात बहुधा तीन पाती, आणि कडेला एक उभी पट्टी, तिला फेन्स म्हणतात. फळी जिथून आत जाते ते पुढचे टेबल, जिथे बाहेर पडते ते मागचे. मागचे टेबल पात्यांच्या सर्वांत वरच्या टोकाशी तंतोतंत एका पातळीत. पुढचे त्याहून किंचित खाली. अर्धा मिलिमीटर खाली असेल तर अर्धा मिलिमीटर लाकूड जाते, आणि सरळ झालेला भाग मागच्या टेबलावर टेकत पुढे सरकतो. विद्या एवढीच. बाकी सगळा मिजास.

मिजास आहे तो ‘तंतोतंत’ या शब्दाचा. मागचे टेबल केसभर खाली गेले तर फळीचे शेपूट पुढच्या टेबलावरून सुटताना पात्यांवर पडते आणि शेवटच्या दोन इंचांत खळगा येतो. केसभर वर राहिले तर फळी त्याच्या कडेला अडते, किंवा अडली नाही तरी काप हळूहळू पातळ होत जातो. पाती बदलली की हे सगळे नव्याने जुळवायचे. त्याची जुनी परीक्षा अशी: प्लग काढायचा, मागच्या टेबलावर एक सरळ लाकडी पट्टी पात्यांच्या वरपर्यंत येईल अशी ठेवायची आणि ब्लॉक हाताने फिरवायचा. प्रत्येक पात्याने पट्टीला दोन-तीन मिलिमीटर, आणि सगळ्यांनी सारखेच, पुढे ओढले पाहिजे. एकाने जास्त ओढले तर बाकीची दोन फुकट फिरताहेत असे समजावे. आवाज तिघांचा, काम एकाचे. हा प्रकार काही यंत्रापुरताच आहे असे नाही, पण ते असो.

ब्लॉक मिनिटाला ५००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. तीन पाती म्हणजे मिनिटाला १५००० घाव. फळी मिनिटाला ५ मीटर या वेगाने ढकलली तर मिलिमीटरच्या दर तिसऱ्या भागाला एक घाव बसतो. हात घाईत असला की घावांमधले अंतर वाढते आणि पृष्ठभागावर बारीक लाटा उमटतात. म्हणजे ढकलणाऱ्याचा स्वभावही फळीवर उतरतो.

आता त्याच्या स्वभावातली खरी गोष्ट. त्याला फक्त एक बाजू कळते. वाकलेली, पीळ पडलेली फळी त्याच्याकडे द्या, तो तिची एक बाजू सपाट करून देईल. मग ती बाजू फेन्सला टेकवून कड काटकोनात करून देईल. तिथे त्याचे काम संपले. हौसेने दुसरी बाजूही त्याच्यावरच मारली तर ती सपाट होते, पण पहिलीशी समांतर असेलच याची हमी नाही. फळी एका टोकाला जाड, दुसऱ्याला पातळ निघते. जाडी हे त्याचे खातेच नाही. ते काम थिकनेसरचे. आणि उलट, थिकनेसरला याचे काम जमत नाही: त्याचे रूळ वाकडी फळी दाबून सरळ धरतात, पाते वरून फिरते, आणि बाहेर पडताच फळी पुन्हा आपल्या मूळ वाकावर जाते, फक्त थोडी पातळ होऊन. लग्नात मुहूर्त सांगणारा भटजी जेवणावळीत कुठे दिसत नाही, पण त्याची वेळ चुकली तर मांडवातले सगळेच चुकते. हा त्या जातीतला.

म्हणून ज्याला घरी छोटे काम करायचे आहे त्याने आधी स्वतःला विचारावे की आपल्याकडे वाकडे लाकूड येते का. पणजीच्या दुकानातून रंधून आणलेले सागवान आणि प्लायवूड वापरणाऱ्याला हा नको. शिरगावात मात्र लाकूड येते ते पावसात उन्मळलेल्या फणसाचे, शेजाऱ्याच्या भाटातल्या आंब्याचे, नाहीतर आकेशियाचे. स्वतःच्या जमिनीतले झाड तोडायलाही १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते, त्यामुळे हाती येणारे खोड हे बहुतेक वेळा निवडलेले नसते, मिळालेले असते. सॉमिलवर त्याच्या फळ्या पडतात, त्या मांगरात वर्षभर रचून ठेवाव्या लागतात, आणि वाळता वाळता त्या आपापल्या मनाप्रमाणे वळतात.

आकेशियाबद्दल वेगळे सांगायला हवे. खाणीतून काढून टाकलेल्या मातीचे जे डोंगर डिचोली तालुक्यात उभे राहिले, त्यांची धूप थांबावी म्हणून त्यांवर हे झाड लावले गेले. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ढिगांवरची झाडे मात्र वाढत राहिली. लाकूड कठीण, आतला रंग सुंदर तपकिरी, पण खोड सरळ म्हणून नाही आणि रेषाही मध्येच दिशा बदलतात. सरळ पात्यांखाली अशा जागी लाकूड चिरत नाही, उपटते. तिथे काप अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली आणावा, हात मंद ठेवावा. खिसा परवानगी देत असेल तर सर्पिल ब्लॉक घ्यावा: त्यात लांब पात्यांऐवजी कार्बाइडचे छोटे चौकोनी तुकडे रांगेने बसवलेले असतात. एक कड बोथट झाली की तुकडा फिरवायचा, अशा चार कडा. आवाजही कमी. शेजारी दुपारी झोपतात, हे गोव्यात विसरून चालत नाही.

आणि माती. चिऱ्याच्या जमिनीवरून ओढत आणलेल्या खोडाच्या सालीत खडे रुतलेले असतात. खिळ्याखालोखाल पात्याचे शत्रू तेच. फळी मशीनवर नेण्याआधी तारेच्या ब्रशने घासून काढणे हे कंटाळवाणे काम ज्याला नको असेल त्याने पात्यांना धार लावायचे काम अंगावर घ्यावे.

लाकडाचे या गावात वर्षातून एकदा मोठे कौतुक होते. वैशाख शुद्ध पंचमीला, लईराई देवीच्या जत्रेत, होमखणाच्या अग्नीसाठी लाकडांची उंच रास रचून पेटवतात आणि पहाटे धोंड, म्हणजे देवीचे व्रती, तिच्या निखाऱ्यांतून चालत जातात. त्या राशीतल्या ओंडक्याला कोणी सरळ आहेस का म्हणून विचारत नाही. तो प्रश्न चौरंगाच्या फळीच्याच नशिबी.

निवडायला निघालेला माणूस बहुधा रुंदीत अडकतो. ६ इंची घ्यावा, ८, की १२? फणसाची फळी १०-१२ इंच सहज असते, मग ६ इंची घेऊन काय करायचे? माझे मत विचाराल तर घरच्या मांगरात लांबी रुंदीपेक्षा महत्त्वाची. साधारणपणे टेबलांच्या एकूण लांबीच्या दुपटीपर्यंतची फळी भरवशाने सरळ होते. साडेचार फुटांच्या टेबलावर दाराची चौकट निघते, अडीच फुटांच्या टेबलावर स्टुलाचे पाय. रुंद फळी उभी कापून, दोन्ही तुकडे सरळ करून, कडेला कड चिकटवता येते. जेवायचे पाट तसेच होतात आणि एकसंध फळीपेक्षा कमी वाकतात. लांबी मात्र कशानेच वाढवता येत नाही. रुंद फळी अखंडच हवी असेल तर ती हातरंध्याने एका बाजूने सपाट करावी, नाहीतर खाली पाचर लावून पाटावर बसवून थिकनेसरमधून काढावी. ८ इंचीवाले माझ्याशी भांडतील. त्यांच्याकडे थ्री-फेज जोडणीही असेल. ६ इंची एक-दीड अश्वशक्तीच्या मोटरवर, घरच्या सिंगल-फेजवर चालतो. सुरू होताना दिवे क्षणभर मंदावतात एवढेच.

बाजारात अ‍ॅल्युमिनियमच्या टेबलांचा, बाकावर ठेवायचा हलका गडी मिळतो. दिसायला देखणा, उचलायला सोपा, पण जड फळी आली की तोच हलतो. त्याउलट एकाच मोटरवर रंधा, गोल करवत आणि गिरमिट चालवणारी बहुकामी यंत्रे मिळतात. कमी जागेत तीन कामे म्हणून मोह होतो. बऱ्याच यंत्रांत करवत त्याच शाफ्टच्या टोकाला असते, म्हणजे फळी रंधताना शेजारी करवतही फिरत असते. मुले ज्या मांगरात ये-जा करतात तिथे असे यंत्र मी ठेवणार नाही. सरफेस-कम-थिकनेस हे जोडयंत्र मात्र विचार करण्यासारखे आहे.

जुना बिडाचा मिळाला तर सगळ्यांत उत्तम. रंग उडाला असेल, मोटर जळली असेल, पाती झिजली असतील, यातले काहीही बदलता येते. बदलता येत नाहीत ती टेबले. जाताना एक खात्रीची सरळ पोलादी पट्टी आणि फीलर गेज घेऊन जावे. पट्टी दोन्ही टेबलांवर मिळून लांबीने, मग कर्णाने ठेवावी आणि खालून उजेड दिसतो का बघावे. एखादे टेबल मधोमध थोडे खोलगट असेल तर एकवेळ चालेल. दोन टेबलांना एकमेकांशी पीळ असेल तर पैसे खिशात ठेवून परत यावे. फेन्स ९० अंशांत घट्ट बसते का, दाबल्यावर सरकते का, तेही बघावे. उचलताना टेबलांच्या टोकांना धरू नये. सगळे ओझे तिथे आले तर टेबल ज्या खाचेत सरकते ती खाच बिघडते. खालच्या बैठकीला दोर बांधून उचलावा.

गोव्याचा पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. या चार महिन्यांत तो रुसतो. घामाचा हात टेबलावर टेकला की दुसऱ्या दिवशी तिथे पाच बोटे गंजाने उमटलेली. वर प्लॅस्टिक घातले तर आत दमट हवा कोंडते, सुती चादर बरी. खोबरेल लावणारे आहेत, पण त्यावर इथली तांबडी धूळ बसते आणि लाकडाला डागही पडतात. ती धूळ लोहाची. सोनार चमक आणायला वापरतात ती लाल भुकटीही लोहाचाच ऑक्साइड. तेलात कालवून टेबलावर फळ्या घासल्या तर काय होईल ते ओळखावे. त्यापेक्षा मेण घासून कोरड्या फडक्याने पुसून टाकावे. फळीही त्यावर हलकी सरकते.

भिंतीवर टांगलेला हातरंधा त्याचा पूर्वज. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत लोखंडी रंधे सापडले आहेत. यंत्राचा रंधा त्या मानाने कालचा: सॅम्युएल बेंथमचे इंग्लंडमधले पेटंट १७९१ चे, अमेरिकेत विल्यम वुडवर्थचे १८२८ चे. या धाकट्याची एक काळी बाजूही आहे. पूर्वी त्याचा कटर ब्लॉक चौकोनी असे; बोट आत गेले तर चौकोनाच्या पोकळीत ओढले जाई. ब्रिटनमध्ये १९२२ च्या नियमांनी हाताने फळी ढकलायच्या यंत्रांना गोल ब्लॉक सक्तीचा केला. गोल ब्लॉक बोट गिळत नाही, नुसते चावतो. एवढा फरकही मोठाच. फुटभरापेक्षा आखूड तुकडा त्याच्यावर घालू नये, हातमोजे घालू नयेत, झाकण काढू नये, आणि तळहात थेट पात्यांवरून जाऊ देऊ नये. त्यासाठी मूठ लावलेले लाकडी ठोकळे ठेवावेत. हातरंधा असले काही मागत नाही. म्हणून कडा चिकटवण्याआधी मेस्त अजूनही त्याचाच एक शेवटचा हात मारतो, यंत्राच्या लाटा पुसायला.

हा मांगरात बसला की महिन्याभरात वाड्यावर कळते. ‘एक फळी तेवढी मारून दे रे’ म्हणत माणसे येतात. पाटाची फळी असेल तर ठीक. पण चिरेबंदी घराचे जुने दार काढून आणलेले असते, त्यावर चार पिढ्यांचा तेलरंग, आणि आत मान तुटलेले, लाकडात बुडालेले खिळे. लोहचुंबक फिरवावा. तो चिकटला तर चहा पाजावा, दार हातरंध्याखाली घ्यावे आणि पक्कड शोधायला लागावे.