अग्रलेख आणि तुरुंगाधिकाऱ्याची जाहिरात

'गुलामगिरी' शिकवताना तिच्या अर्पणपत्रिकेपाशी आम्ही नेहमी थोडे रेंगाळतो. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. ती वाचून विद्यार्थ्यांच्या मनात एक सोपे चित्र तयार होते : उत्तर मुक्तीच्या बाजूची, दक्षिण विरुद्ध, आणि मध्ये युद्ध. या चित्राला तडा देण्यासाठी केंटकी राज्यातील युद्धकालीन वृत्तपत्रांइतके उपयुक्त वाचन आम्हांस दुसरे ठाऊक नाही.

१८६०च्या जनगणनेत केंटकीत सुमारे सव्वादोन लाख गुलाम होते. मे १८६१ मध्ये राज्याने तटस्थता जाहीर केली, आणि सप्टेंबरात ते संघराज्याच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे राज्य निष्ठावंतही आणि गुलामधारकही. लिंकनचा १ जानेवारी १८६३चा मुक्तीचा जाहीरनामा बंडखोर प्रदेशापुरता होता. केंटकीला तो लागूच नव्हता. तरीही त्याच्यावर तिथे मोठी आगपाखड झाली.

तीत 'लुईव्हिल जर्नल'चा संपादक जॉर्ज प्रेंटिस आघाडीवर होता. (हे पत्र १८३०चे, आपल्या 'दर्पण'हून जेमतेम सव्वा वर्षाने वडील.) फुटून निघणे हा जसा राज्यघटनेचा भंग, तसाच मालकाची मालमत्ता हिरावणे हाही भंग, अशी त्याची मांडणी. प्रेंटिसला ढोंगी म्हणून बाजूला सारता येत नाही. त्याचे दोन्ही मुलगे दक्षिणेच्या फौजेत गेले, थोरला सप्टेंबर १८६२ मध्ये केंटकीतच मारला गेला, आणि बापाने संघराज्याची बाजू सोडली नाही. युक्तिवाद सुसंगत आहे, त्यामागे किंमत मोजलेली आहे. फक्त ज्याच्याविषयी तो चालला आहे तो माणूस त्यात मालमत्तेखेरीज कोणत्याच रूपाने येत नाही.

तो येतो जाहिरातींत. युद्धाच्या धामधुमीत दक्षिणेकडून पळून आलेले गुलाम केंटकीत पकडले जात, आणि तुरुंगाधिकारी वृत्तपत्रांत सूचना देत : अमुक नावाचा, अमुक वयाचा, अमुक उंचीचा काळा माणूस येथे अडकवून ठेवला आहे, मालकाने येऊन हक्क शाबीत करावा, खर्च भरावा आणि घेऊन जावे. अंगावरच्या जखमेचा व्रणसुद्धा नोंदलेला असतो. अग्रलेखात ज्याला नाव नाही त्याला इथे नाव आहे, वय आहे, देह आहे. आणि तो पळाला, म्हणजे त्याला मतही आहे. आम्ही वैचारिक गद्याचा इतिहास शिकवतो तो प्रायः अग्रलेखांवरून. ही सूचना त्या इतिहासात कुठे बसवायची, हा प्रश्न आम्हांस मराठी नियतकालिकांपुढे बसल्यावरही सोडत नाही.

लिंकनने आपल्या धोरणाचे सर्वांत नितळ स्पष्टीकरण लिहिले तेही केंटकीतल्याच एका संपादकाला, फ्रँकफर्टच्या 'कॉमनवेल्थ'च्या आल्बर्ट हॉजेसला. काळ्यांच्या सैन्यभरतीविषयी तक्रार घेऊन गव्हर्नर ब्रॅमलेट यांच्यासह हॉजेस वॉशिंग्टनला गेला होता. ४ एप्रिल १८६४च्या पत्रात लिंकन सांगतो की गुलामगिरी आपल्याला अन्याय्यच वाटते. परंतु आपण हात घातला तो संघराज्य वाचवण्यास दुसरा मार्ग उरला नाही तेव्हा. समजूत घालण्याच्या कलेचा हा नमुना वर्गात वाचावा असा आहे.

पुढचे काम मात्र पत्रांनी केले नाही. केंटकीतील वीस हजारांहून अधिक काळे पुरुष फौजेत दाखल झाले, कारण भरतीबरोबर मुक्ती मिळत होती. बायकामुलांना ती मिळत नव्हती. नोव्हेंबर १८६४च्या थंडीत कॅम्प नेल्सन येथून त्यांना हुसकून लावण्यात आले, त्यांची खोपटी मोडली गेली, कित्येकजण दगावले. त्यावर ओरड झाली, आणि मार्च १८६५ मध्ये काँग्रेसने सैनिकांच्या कुटुंबांना मुक्त केले. त्याच नोव्हेंबरात केंटकीचे मतदान लिंकनच्या विरोधात, मॅक्लेलनच्या पारड्यात गेले होते. गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये राज्यावर लागू झाली. ती नाकारणाऱ्या केंटकीच्या विधिमंडळाने तिला संमती दिली १९७६ साली.

असो. वॉल्टर हाल्डमनचे 'कुरियर' हे फुटीरांचे पत्र १८६१ मध्ये सरकारने बंद पाडले होते, आणि संपादक दक्षिणेच्या आश्रयाला गेला होता. युद्ध संपल्यावर तो परतला. पत्र पुन्हा निघू लागले. १८६८ साली ते आणि प्रेंटिसचे 'जर्नल' एक झाले. 'कुरियर-जर्नल' या नावाने ते लुईव्हिलमधून आजही निघते.