‘येथे’ म्हणजे कोठे?

एका स्नेह्याने आपल्या मुलीसाठी लिस्प भाषेत लिहिलेला छोटासा खेळ मध्यंतरी आमच्या हाती आला. टर्मिनलमधून सुरू केला तर राजवाडा, पहारेकरी सारे हजर; तोच ईमॅक्स संपादकातून चालवला की पहिलेच चित्र सापडत नसल्याची तक्रार. फाइल जागच्या जागी होती. तिच्या नावाचे शुद्धलेखनही आम्ही तपासले (सवय जात नाही).

कॉमन लिस्पमध्ये फाइलचा पत्ता ही नुसती अक्षरांची माळ नसते. यजमान, उपकरण, निर्देशिका, नाव, प्रकार, आवृत्ती अशी त्याची सहा अंगे भाषेनेच मानली आहेत. व्याकरणकाराने हेवा करावा असा विग्रह! अपुरा पत्ता मग अध्याहाराने पुरा होतो. खेळात ‘चित्रे’ ही निर्देशिका होती, ती कोठली हे नव्हते. ‘प्रोब-फाइल’ला विचारले, उत्तर ‘निल’. ईमॅक्स जेथून उघडला, तेथूनच लिस्पचे ‘येथे’ मोजले जात होते.

पत्रातले ‘येथे’ लिहिणाऱ्याच्या गावावरून ठरते, असे आपण वर्गात सांगतो. हे वाचणाऱ्याच्या गावावरून ठरत होते.

‘लोड-ट्रूनेम’ या चलात मूळ फाइलचा खरा पत्ता असतो, पण ती वाचली जात असतानाच. तेव्हाच तो टिपून चित्रांचा पत्ता त्यावर बांधला. राजवाडा उभा राहिला. मात्र खेळाची तयार प्रत (तिलाही लिस्पमध्ये ‘इमेज’च म्हणतात) त्या मुलीला पाठवली, तर तिच्यात पत्ता आमच्याच घराचा गोठलेला असेल. तेव्हा तो प्रत सुरू होताना नव्याने विचारायला हवा. सध्या तेच लिहीत आहोत.