बाळंतिणीची जखम

माझ्या धाकट्या बहिणीला काय झालंय, हे पहिल्यांदा ओळखलं ते तिला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींनी. बारशाच्या आधीची गोष्ट. तेल चोळून झालं, पाणी घालून झालं, बाळंतशोपा आणि ओव्याची धुरी दिली, आणि मावशी आईला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. म्हणाल्या, “ताई, पोरीचे खालचे टाके बरोबर नाहीत. वारा सुटतो तो तिला आवरत नाही, कपडे सारखे खराब होतायत. शेक देऊन हे बरं व्हायचं नाही. मोठ्या डॉक्टरला दाखवा.” पंचक्रोशीतल्या कितीतरी बाळंतिणी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. बोलण्यात आडपडदा नव्हता, आणि घाबरवणंही नव्हतं.

घरात तोवर कुणालाच काही माहीत नव्हतं. बहीण पहाटे, आई उठायच्या आत, आपले कपडे धुऊन मागच्या दोरीवर टाकत होती. जेवण तिनं अर्ध्यावर आणलं होतं. खाल्लं की संडासला होणार आणि झालं की आवरता येणार नाही, असा तिचा हिशेब होता. अंगावर पिणारं बाळ आणि आई अर्धपोटी. विचारलं तर “भूक नाही” एवढंच.

तिचं बाळंतपण तालुक्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात झालं, 2023 च्या पावसाळ्यात. पहिलटकरीण, रात्रभर कळा, डोकं खाली सरकेना. शेवटी एका मदतनीस बाईनं पोटावर दोन्ही हातांनी जोर दिला, डॉक्टरांनी चिमटा लावला आणि चार किलोच्या आसपासचं बाळ बाहेर आलं. टाके तिथंच, त्याच टेबलावर घातले. मागच्या बाजूनं तपासणी झाली नाही. घरी पाठवताना कार्डावर ‘नॉर्मल डिलिव्हरी’ अशी नोंद होती. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 सालच्या मार्गदर्शक सूचनांत पोट दाबून बाळ बाहेर काढू नये आणि योनीमार्गाला सरसकट छेदही घेऊ नये, असं स्पष्ट सांगितलेलं आहे. ते त्या खोलीपर्यंत पोचलं नव्हतं.

इथं थोडं शरीरशास्त्र सांगायलाच हवं, कारण ते माहीत नसल्यामुळेच बायका गप्प बसतात. गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात. आतलं कडं आपोआप काम करतं, झोपेतही ते मिटलेलं राहतं. बाहेरचं आपल्या इच्छेनं चालतं. घाई लागली तरी संडास गाठेपर्यंत थांबता येतं ते त्याच्यामुळं. योनीमार्ग आणि ही कडी यांच्यामध्ये जेमतेम काही सेंटिमीटर जागा असते. बाळंतपणात नुसती त्वचा फाटली तर ती पहिल्या श्रेणीची इजा, मधले स्नायू फाटले तर दुसऱ्या. फाट कड्यांपर्यंत गेली की तिसऱ्या श्रेणीची, आणि त्यांच्याही पुढं गुदाशयाच्या आतल्या अस्तरापर्यंत गेली तर चौथ्या. माझ्या बहिणीची चौथ्या श्रेणीची होती.

अशी इजा काही कोट्यवधीत एखादीला होत नाही. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं 2015 मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार तिथं पहिलटकरणींपैकी 6.1 टक्के बायकांना तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीची इजा होते. धोका वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत पहिलं बाळंतपण, चिमटा, चार किलोंहून जास्त वजनाचं बाळ यांच्याबरोबर आशियाई वंश हीही एक गोष्ट आहे. म्हणजे हा विषय आपल्या घरातलाच. त्याच दस्तऐवजात दिलासा देणारी एक गोष्टही आहे. इजा त्याच वेळी ओळखून, चांगल्या उजेडात, नीट भूल देऊन शस्त्रक्रियागृहात शिवली, तर 60 ते 80 टक्के बायकांना वर्षानंतर काहीही त्रास उरत नाही. फक्त ती ओळखली गेली पाहिजे. त्यासाठी टाके घालण्याआधी मागच्या बाजूनं बोटानं तपासणी करावी लागते. तिला ना यंत्र लागतं ना खर्च.

मावशींच्या सांगण्यावरून आम्ही तिला पुण्याला नेलं. तिथल्या सर्जननी तपासणीआधी बहिणीला एकच प्रश्न विचारला : “घाई लागल्यावर किती वेळ थांबता येतं?” ती खाली बघून म्हणाली, “थांबताच येत नाही.” आणि मग जे रडू आलं ते कितीतरी वेळ थांबेना. दवाखान्यातून घरी आल्यापासून सगळ्यांनी तिला विचारलं होतं ते दूध पुरतंय का, बाळाचं वजन किती, नाव काय ठेवणार. हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. उपचार खरे तिथं सुरू झाले, असं मला वाटतं.

मग आतून सोनोग्राफी झाली. सर्जननी पडदा आमच्याकडं वळवून दाखवलं. आतलं कडं काळं दिसतं, बाहेरचं पांढुरकं, आणि दोन्ही पूर्ण गोल असायला हवीत. हिच्या वर्तुळात समोरच्या बाजूला, घड्याळात दहा ते दोन वाजतात तेवढ्या भागात, खंड पडला होता. बहीण त्या चित्राकडं बराच वेळ पाहत राहिली. “म्हणजे मी घाण नाहीये. स्नायू तुटलाय,” ती म्हणाली. इतके दिवस ती स्वतःला काय समजत होती, हे आम्हाला त्या एका वाक्यातून कळलं.

हीच सोनोग्राफी वापरून लंडनमध्ये अब्दुल सुलतान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलटकरणींना बाळंतपणाआधी आणि नंतर सहा आठवड्यांनी तपासलं होतं. 1993 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. नंतरच्या तपासणीत 35 टक्के बायकांच्या स्नायूत खंड आढळला, आणि त्यातले बहुतेक बाळंतपणाच्या वेळी कुणाच्या डोळ्यांना दिसलेही नव्हते. डॉक्टर आज ज्या श्रेणी वापरतात त्यांत तिसरीचे पोटभेदही सुलतान यांनीच केलेले आहेत. नाकारल्या गेलेल्या दुखण्याला असा पुरावा मिळाला की बाईच्या शब्दाला वजन येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

लगेच शस्त्रक्रिया करता येत नाही, असं सर्जन म्हणाले. सूज उतरायला, पेशी मऊ पडायला काही महिने जावे लागतात. ते महिने अवघड होते. इसबगोल, संडास मऊ ठेवणारं औषध, दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या टबात बसणं, पॅड. डिंकाचे लाडू बंद, पालेभाज्या आणि भरपूर पाणी सुरू. आई आधी बिथरली. बाळंतिणीला लाडू नाही म्हणजे काय! पण बद्धकोष्ठ झालं तर जखमेवर जोर येतो, हे डॉक्टरांनी समजावल्यावर तीच पहारा द्यायला लागली. जावयांनी काय केलं ते सांगायला हवं. त्यांनी फाईल लावली, प्रत्येक कागद तारखेनं, आणि औषधांच्या दुकानात मोठे पॅड मागताना एकदाही आवाज खाली केला नाही.

शस्त्रक्रिया 2024 च्या सुरुवातीला झाली. तुटलेल्या स्नायूची दोन टोकं शोधून, ती एकावर एक चढवून शिवली. सर्जननी आधीच सांगून ठेवलं होतं की यानं बराच फरक पडेल, सगळाच पडेल असं नाही. आणि वय वाढेल तसा थोडा त्रास परत येऊ शकतो, म्हणून व्यायाम जन्मभराचा. खोटी आशा न दाखवल्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम केगेल या नावानं आता बऱ्याच जणींना ऐकून माहीत आहे. डॉ. आर्नल्ड केगेल हे अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ. 1948 मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला, आणि स्नायूचा जोर मोजणारं हवेच्या दाबावरचं एक साधन बनवलं, म्हणजे बाईला आपण किती आवळतोय ते स्वतः काट्यावर बघता यावं. बहिणीच्या फिजिओथेरपिस्टकडं त्याचीच नवी आवृत्ती होती : संगणकाच्या पडद्यावर एक रेघ. स्नायू आवळला की रेघ वर चढते, सोडला की खाली येते. पहिल्यांदा रेघ जेमतेम हलली. पण फिजिओथेरपिस्ट बोट दाखवत होत्या ते दुसरीकडंच. “बघ, सोडल्यावरही ती तळाला येत नाहीये. तू दिवसभर आवळूनच बसतेस. आधी सोडायला शिकायचं.” भीतीनं तिचा जबडा, खांदे, पोट, सगळंच आवळलेलं होतं. दमलेला स्नायू ऐन वेळी दगा देतो. म्हणून पहिले काही आठवडे व्यायाम होता तो श्वास सोडण्याचा आणि सैल होण्याचा, आणि जोर लावणं नंतर आलं.

मनाचं दुखणं मात्र वेगळ्या वाटेनं चाललं होतं. टाके भरले, पण स्टीलचं ताट खाली पडलं की तिला दरदरून घाम फुटायचा. त्या खोलीत अवजारांचा ट्रे असाच वाजला होता. बाळाला लस टोचायला आरोग्य केंद्रात नेण्याची वेळ आली की स्पिरिटच्या वासानं तिला उंबऱ्यावरच भोवळ यायची, म्हणून जावई नेत. झोप लागली की तेच टेबल, तोच दिवा. येणारीजाणारी म्हणायची, “बाळ सुखरूप आहे ना, मग झालं.” त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण ते ऐकून तिचं तोंड बंद व्हायचं.

बाळंतपणानंतरचं नैराश्य आता थोडंफार बोललं जातं. हे दुखणं वेगळं आहे. अपघातातून किंवा युद्धातून वाचलेल्यांना जो मानसिक आघात होतो, तोच बाळंतपणानंतरही होऊ शकतो. 2017 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात असा आघात सर्वसाधारण बाळंतिणींपैकी 4 टक्के जणींत, आणि ज्यांचं बाळंतपण गुंतागुंतीचं किंवा जोखमीचं होतं अशांपैकी 18.5 टक्के जणींत आढळला. पुण्यातल्या समुपदेशक बाईंनी तिला ती रात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमानं सांगायला लावली. घाई नाही; जिथं श्वास अडकेल तिथं थांबायचं, पाय जमिनीवर टेकवायचे, खोलीतल्या वस्तू पाहायच्या, मग पुढं. नंतर ते वहीत लिहायचं. दर वेळी सांगताना एखादा सुटलेला दुवा सापडे. एकदा तिला आठवलं की एक नर्स सगळा वेळ तिचा हात धरून उभी होती. ते तिला आधी आठवतच नव्हतं.

त्या सुमारास मी तिला एक चित्रफीत पाठवली होती. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटनच्या संसदेत थिओ क्लार्क या खासदार आपल्या बाळंतपणाबद्दल बोलल्या : तिसऱ्या श्रेणीची इजा, रक्तस्राव, पूर्ण भूल न देता दोन तासांची शस्त्रक्रिया, आपण मरतोय अशी खात्री. बोलताना त्यांना रडू आवरलं नाही. पुढं त्यांच्या पुढाकारानं संसदीय चौकशी झाली, 1300 हून जास्त जणींनी आपले अनुभव लिहून पाठवले आणि मे 2024 मध्ये अहवाल आला. बहिणीनं ती चित्रफीत आईला दाखवली. आईला इंग्रजी कळत नाही. बहीण एकेक वाक्य सांगत गेली आणि आई डोळ्यांना पदर लावून बसली. “बाईला हे सोसावंच लागतं” असं तोवर आई म्हणायची. त्यानंतर तिच्या तोंडून ते मी ऐकलं नाही.

आणि मग घरातल्याच बायका बोलायला लागल्या. भेटायला आलेल्या काकूनं दार लोटून सांगितलं की खोकला आला की तिचे कपडे ओले होतात, थोरल्या मुलाच्या वेळेपासून. आजी म्हणाली, तिचं अंग बाहेर येतं, जड काही उचललं की; तिशीतच सुरू झालं होतं. आजोबांनाही तिनं कधी सांगितलं नव्हतं. अंग बाहेर येण्यावर मुंबईत डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी बसवलेली शस्त्रक्रिया त्यांच्याच नावानं ओळखली जाते. इतकं ज्ञान एका रात्रीच्या प्रवासावर होतं आणि आजी गप्प होती.

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायकांची तपासणी केली होती. 1989 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात 92 टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के. मी तो अभ्यास पूर्वीही वाचला होता. आजीच्या शेजारी बसून पुन्हा वाचताना ते आकडे माझ्या घरातले झाले. आजीला आम्ही दवाखान्यात नेलं. तिला आधाराची रिंग बसवली आहे आणि ती आता देवळापर्यंत न थांबता जाते.

बहीण जून 2024 मध्ये शाळेत परत रुजू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिकेसाठी वेगळं स्वच्छतागृह असेलच असं नाही. मुख्याध्यापकांना तिनं सगळं नाही, पण गरजेपुरतं सांगितलं, आणि त्यांनी काही न विचारता तिला स्वच्छतागृहाजवळचा वर्ग दिला. परिपाठाला मुलं रांगेत उभी असतात तेव्हा ती आपला व्यायाम करून घेते. कुणाला कळत नाही. पर्समध्ये जादा कपड्यांची पिशवी असते, ती आता क्वचितच उघडावी लागते. वायू अजून कधी कधी आवरत नाही. एसटीच्या लांबच्या प्रवासाआधी ती अजूनही कमीच खाते. नवऱ्याजवळ जायला तिला वर्षाहून जास्त काळ लागला, आणि त्यांनी तो दिला.

दुसऱ्या मुलाचा विषय घरात निघतो. ज्यांचा त्रास उरला आहे किंवा सोनोग्राफीत दोष दिसतो, अशा बायकांना पुढच्या वेळी ठरवून सिझेरियनचा पर्याय द्यावा, असं रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि सर्जननीही तोच सल्ला दिला आहे. दोघांनी अजून काही ठरवलेलं नाही. सासूबाईंनी नातेवाइकांना सांगून टाकलंय की यावर तिला कुणी विचारायचं नाही. सध्या तिच्या डोक्यात डिसेंबरची शाळेची सहल आहे. रायगडला जायचं, आणि रोपवेनं नाही, पायऱ्यांनीच चढायचं, असं वर्गानं ठरवलंय. तेवढ्या चढउतारासाठी तिनं फिजिओथेरपिस्टकडून वेगळा व्यायाम मागून घेतला आहे.