हतनूरच्या काठाने

रावेरच्या माणसाला समुद्र पाहायचा असेल तर रात्रभराचा प्रवास करावा लागतो. समुद्राकडे निघालेले पाणी मात्र त्याच्या दाराशीच वाहते. मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावलेली तापी बऱ्हाणपूर मागे टाकून रावेर तालुक्याच्या दक्षिण सीमेने येते, चांगदेव येथे पूर्णेला पोटात घेते आणि ७२४ किलोमीटरची वाटचाल संपवून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. या वाटेवर, संगमाच्या थोडे खाली, हतनूरचे धरण आहे. १९८२ साली ते पूर्ण झाले आणि दोन्ही नद्यांचे पाणी मागे पसरून खानदेशाला एक छोटासा समुद्रच लाभला. पावसाळ्यात ‘हतनूरचे ४१ दरवाजे उघडले’ ही बातमी वाचल्यावाचून जळगाव जिल्ह्याचा श्रावण जात नाही. परंतु पावसाळा ओसरल्यावर तेच पाणी कसे दिसते, हे पाहायला जाणारे फार थोडे.

त्या थोड्यांपैकी रावेरचे एक मामा-भाचे. मामा शाळेतून निवृत्त झालेले. तीस वर्षे मुलांना भूगोल शिकवला आणि तापीचा उगम व मुख फळ्यावर काढून काढून तिची ओढ लागली. भाचा पुण्यात नोकरीला. कोकणात तारकर्लीला गेला असता कर्ली नदीच्या खाडीत त्याने कयाक चालवली आणि परतताना हवा भरून फुगवायची एक कयाक विकत घेऊनच आला. पुण्याच्या सदनिकेत तिचा उपयोग काय, असा प्रश्न घरच्यांनी केला. त्याचे उत्तर त्याने जानेवारीच्या सुट्टीत रावेरला आणले.

कयाक ही मूळची ध्रुवप्रदेशातील इन्यूट लोकांची नौका. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बांधत. एकट्या माणसाने पाण्यालगत बसावे, दोन्ही टोकांना पाते असलेले एकच वल्हे आवाज न करता चालवावे आणि सावजाला चाहूल लागू न देता जवळ जावे, यासाठी ती घडली. तीच नौका आज छायाचित्रकारांच्या आवडीची झाली आहे. कारण तेच आहे, फक्त हातातले भाल्याचे टोक गेले आणि भिंग आले. हा पालट सुखद आहे खरा. पण सावजाच्या बाजूने पाहिले तर जवळ येणारा प्राणी भाला घेऊन येतो की भिंग, हे पक्ष्याला कसे कळावे? हा प्रश्न पुढे एप्रिलमध्ये त्या भाच्यापुढे उभा राहायचा होता.

हतनूरचा काठ सरळ नाही. तापी-पूर्णेच्या खोऱ्यात गाळाच्या मातीचे फार जाड थर आहेत आणि पावसाच्या पाण्याने ते कापून काढून नदीकाठी घळींचे जाळे विणले आहे. पिवळसर मातीच्या उभ्या दरडी, त्यांत वेड्या राघूंची बिळे, मधूनच पाण्यात घुसलेले मातीचे सुळके आणि त्यांच्या पलीकडे अचानक उघडणारे एखादे आखात. कोकणातला किनारा काळ्या आणि जांभ्या दगडाचा, तो लाटांशी झुंजतो. इथला मातीचा आहे, तो दर पावसाळ्यात थोडा थोडा विरघळतो. गेल्या वर्षीच्या छायाचित्रातला सुळका यंदा जागेवर असेलच असे नाही. दरडीच्या माथ्यावर केळीच्या बागा आणि त्यांना पाणी देणाऱ्या मोटारींचे पाइप खाली पाण्यापर्यंत उतरलेले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा किनारा म्हणजे पाण्याची सोय. पुराच्या वर्षी मात्र हेच पाणी फुगून बागांत शिरते, तेव्हा त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी अर्थातच निराळी होते.

नदीने आणलेला गाळ धरणात साठत गेला. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात ही मोठी नुकसानीची बाब. पक्ष्यांच्या हिशेबात ती जमेची आहे. गाळामुळे जलाशयाचा बराच भाग उथळ झाला, उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो, पाणवनस्पती माजतात, किडे-शंख-गोगलगायी वाढतात आणि नोव्हेंबरपासून उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, केशरी अंगाचे चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, मोठी लालसरी. वारकरी पक्ष्यांची तर काळी चादर पाण्यावर पसरते. सर्वांग काळे आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून मराठीने त्याला हे नाव दिले. मुक्ताईच्या भूमीत या नावाचा पक्षी शेकड्यांनी यावा यात काही विशेष नाही, असे मामा गमतीने म्हणतात. फक्त मुक्ताईची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते आणि हे वारकरी थंडीत इकडे येतात. पक्षीअभ्यासकांनी हतनूरला महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत गणले आहे आणि वरणगावचे पक्षीप्रेमी येथे वर्षानुवर्षे पक्षीगणना करीत आले आहेत.

जानेवारीच्या त्या पहाटे दोघे काठावर पोहोचले तेव्हा धुके पाण्यावरून उठत होते. पलीकडे चांगदेवाच्या हेमाडपंती मंदिराची दिशा केवळ अंदाजाने कळत होती. कयाकमध्ये हवा भरताना गावातला एक भोई जवळ येऊन उभा राहिला. साठीचा माणूस, जन्म याच पाण्यावर गेलेला. त्याने त्या रबरी नौकेवरून हात फिरवला आणि एकच प्रश्न विचारला, “दादा, बाभळीचं काय करणार?” भाच्याला अर्थ कळला नाही. धरणाच्या पाण्याखाली जुन्या बांधांवरच्या बाभळी अजून उभ्या आहेत. कुठे त्यांची टोके पाण्याबाहेर दिसतात, कुठे वीतभर खाली असतात. एक काटा पुरे होता. शेवटी असे ठरले की भोईदादांची लाकडी होडी पुढे राहील आणि कयाक तिच्या मागून, मोकळ्या पाण्यातूनच जाईल. अंगात जीवरक्षक जाकीट घातल्यावाचून बसायचे नाही, ही अट मामांची. धरणाच्या भिंतीकडे आणि दरवाजांच्या बाजूला तर फिरकायचेच नाही, ही अट दोघांचीही.

पाण्यालगत बसल्याचा लाभ पहिल्या तासातच दिसला. काठावरून उभ्याने टिपलेल्या पक्ष्याच्या मागे पाणीच पाणी येते. कयाकमधून भिंग पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला जाते, मागची दरड दूर धूसर होते आणि पक्षी तेवढा रेखीव उठून दिसतो. शेकाट्याचे लांब गुलाबी पाय आणि त्यांचे तितकेच लांब प्रतिबिंब, दोन्ही एका चौकटीत मावले. पांढऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत मात्र सकाळी नऊनंतर पाण्याची चमक कॅमेऱ्याला फसवते. प्रकाश थोडा कमी घेतला नाही तर पिसांचा पोत जाऊन नुसता चुना दिसतो. कॅमेरा ठेवायला भाच्याने घट्ट झाकणाचा डबा नेला होता आणि तो दोरीने नौकेला बांधला होता. ही खबरदारी दहाच्या सुमारास कामी आली. वारा उठला, उथळ पाण्यावर आखूड आणि टोकदार लाटा आल्या, हलकी कयाक पानासारखी आडवी फिरू लागली. मच्छीमारांच्या जाळ्याच्या दोरीत वल्हे अडकले ते वेगळेच. भोईदादांनी बांबू पुढे केला आणि कयाक ओढून दरडीच्या आडोशाला आणली. मामा काठावरून हे सारे दुर्बिणीतून पाहत होते. रागावले नाहीत, फक्त पुढची दहा मिनिटे काही बोलले नाहीत.

सायंकाळची एक अडचण मात्र कोणत्याही छायाचित्रणाच्या पुस्तकात सापडणार नाही. प्रकाश सर्वांत सुंदर होतो तो सूर्यास्तापूर्वीचा अर्धा तास, आणि मामांचा चौविहार. जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपले पाहिजे. म्हणून पाच वाजताच दशम्यांचा डबा काठावर उघडला जाई, भाचा एका हातात घास आणि दुसऱ्या हातात कॅमेरा घेऊन बसे, आणि पट्टकादंबांचा थवा नेमका त्याच वेळी डोक्यावरून जाई. त्या दिवसाच्या सर्वांत चांगल्या छायाचित्राच्या एका कोपऱ्यात लोणच्याच्या बरणीचे झाकण दिसते.

एप्रिलमध्ये दोघे पुन्हा गेले. पाहुणे परतले होते. पाणी बरेच उतरले होते आणि मधोमध मातीची उघडी बेटे वर आली होती. या बेटांवर नदी सुरय घरटी करतो. पिवळी चोच, काळी टोपी आणि दुभंगलेली शेपटी असलेला हा डौलदार पक्षी घरटे म्हणून नुसता एक उथळ खळगा करतो. अंडी मातीच्याच रंगाची. देशातल्या नद्यांवर धरणे, वाळूउपसा आणि भटकी कुत्री वाढली तसा तो कमी होत गेला आणि आज जगभरच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत त्याची असुरक्षित म्हणून नोंद आहे. पाणी फार उतरले की बेट काठाला जुळते आणि कुत्र्यांना वाट मिळते. अवेळी वाढले तर अंडी बुडतात. बेटाचे बेटपण टिकते त्या थोड्या आठवड्यांतच त्याचा सारा संसार.

भाच्याला घरट्यावरच्या सुरयाचे छायाचित्र हवे होते. त्यासाठीच तो पुण्याहून आला होता. कयाक बेटापासून बरीच दूर असतानाच चार-पाच पक्षी उठले आणि कर्कश ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागले. एकाने तर टोपीला चोच लावली. भाचा आणखी पुढे सरकला. मागून भोईदादांचा आवाज आला, “दादा, तिथं उतरू नका. पाय ठेवाल तिथं अंडं असेल.” उतरणार नाही, दुरूनच घेतो, असे तो म्हणाला. त्यावर भोईदादांनी हाताने वर सूर्याकडे दाखवले. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि जवळच्या भुसावळचा उन्हाळा महाराष्ट्राला ठाऊक आहे. या दिवसांत सुरय अंड्यांवर बसतो तो ऊब देण्यापेक्षा सावली देण्यासाठी. पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतो आणि अंडी गार करतो. तो जितकी मिनिटे हवेत ओरडत राहील, तितकी मिनिटे अंडी तापलेल्या मातीवर उघडी.

भाच्याच्या कॅमेऱ्यात भिंग रोखलेले होते. पक्षी खाली उतरण्याची वाट पाहावी, की निघावे? वाट पाहिली तर छायाचित्र मिळण्याचा संभव होता. पण नौका तेथे असेपर्यंत पक्षी उतरणार नव्हता, हेही तितकेच उघड होते. त्याने वल्हे उलटे मारले. कयाक मागे सरली, दरडीच्या सावलीत गेली, आणि तेथून मोजले तर दोन मिनिटांच्या आत पहिला सुरय बेटावर उतरला. पंख किंचित पसरून, अंग हलवत तो खळग्यावर बसला. भाच्याने तेथूनच एक छायाचित्र घेतले.

रावेरच्या घरी ते बैठकीत लावले आहे. पाहुण्यांना त्यात प्रथम पाणी दिसते, मग मातीचे एक पिवळे बेट. पक्षी कुठे आहे, असे विचारले की मामा उठतात आणि बोटाने दाखवतात.