मोत्या, जरा हलू नकोस!

कुत्र्याचा फोटो काढणे आणि रुसलेल्या व्याह्याची समजूत काढणे ही दोन्ही कामे माझ्या मते सारख्याच योग्यतेची आहेत. दोघांनाही एक वेळ खाली बसवता येते. पण आपण म्हणू तिकडे बघायला लावता येत नाही. यातले दुसरे काम मी तीनदा पार पाडले आहे. पहिल्यात मात्र माझा अख्खा रोल गेला.

हे आठवायचे कारण आमची नात. ती पुण्याला असते. तिच्याकडे बिस्किटाच्या रंगाचे एक कुत्रे आहे आणि दिवसभरात त्याचे जेवढे फोटो निघतात, तेवढे आमच्या अख्ख्या घराण्याचे चार पिढ्यांत निघाले नसतील. मागच्या सुट्टीत ती म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे कुत्रा होता ना? फोटो दाखवा की!" मी मोठ्या ऐटीत "आहे ना!" म्हटले आणि उठलो.

आमचे गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडे. गावाजवळून माणगंगा जाते. 'वाहते' म्हणण्याची सवय आम्हांला नाही. १९७८ च्या उन्हाळ्यात मुंबईचे दाजी आले आणि जाताना त्यांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा आठ दिवसांसाठी माझ्या हवाली करून गेले. त्यात एक रोल आणि रोलमध्ये बारा फोटो. कॅमेऱ्याला उन्हासाठी एक आणि ढगासाठी एक अशा दोन सोयी होत्या. आमच्या भागात ढगाची सोय म्हणजे निव्वळ कंपनीचा आशावाद!

मी ठरवले, मोत्याचा फोटो काढायचा. मोत्या हे नाव ज्याने ठेवले त्याने एकतर मोती पाहिला नव्हता किंवा कुत्रे पाहिले नव्हते. मोत्या तव्याच्या बुडासारखा काळा होता. कुत्र्याने फोटोत हलायचे नसते, ही समजूत मी देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीवरून करून घेतली होती. तिथे चार कुत्री आहेत आणि चारही जागच्या जागी. पण ते म्हणे चार वेद. आमचा मोत्या वेदांच्या वाटेला कधी गेला नव्हता.

पहिले तीन फोटो मी उभ्याने काढले. त्यांत मोत्याचे डोके परातीएवढे आणि पाय निरंजनातल्या वातीएवढे आले. कुत्र्याचा फोटो काढायचा तर आपण कुत्र्याच्या उंचीवर यावे लागते. आमच्या नातीला हे ठाऊक आहे. ती सरळ फरशीवर पालथी पडते. मी अंगणात पालथा पडलो, तेव्हा शेजारच्या काकू हळद घेऊन धावत आल्या होत्या.

चौथा आणि पाचवा भर दुपारी काढला. वर पांढरे ऊन, खाली पांढरा मुरूम आणि मध्ये काळा मोत्या. धुऊन आले तेव्हा फोटोत एक काळे भोक होते. त्याचे तोंड कुठले, शेपूट कुठले आणि सावली कुठली, हे मी आजही सांगू शकणार नाही. काळ्या कुत्र्याला सकाळचे कोवळे ऊन किंवा सावली लागते. नातीच्या मोबाइलवर तर कुत्र्याच्या तोंडावर बोट ठेवले की झाले, मोबाइल त्या तोंडाला बेताचा असा उजेड धरतो. आमच्या क्लिक थ्रीवर कुठेही बोट ठेवले तरी फोटोत बोटच यायचे.

सहाव्याला मी जवळ गेलो, तर सगळे धुके. सातव्याला "यू ऽ यू" केले, तर मोत्या कॅमेऱ्यावरच येऊन आदळला. आठव्याला तो गुरगुरला. त्या वेळी ओढ्याला एका धनगराचा वाडा उतरला होता. तो म्हातारा माझी कसरत बघत होता. तो म्हणाला, "पोरा, कुत्र्याकडं असं टकामका बघू नगं. त्याला वाटतं, ह्यो भांडाय आलाय. त्यात त्यो तुझा एक मोठा डोळा! खाली बस, तिरकं बघ, आन् गप ऱ्हा. आपसूक येतंय." कुत्र्याच्या फोटोविषयी याहून शहाणे वाक्य मी नंतर कुठे ऐकले नाही. त्या वेळी अर्थात मी ते मानले नाही; कारण त्याच्याकडे कॅमेरा नव्हता.

अकरा फोटो संपले. बाराव्याला मी आबांना हाताशी धरले.

आबा म्हणजे आमचे वडील. त्यांचा तोवरचा एकुलता एक फोटो म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाच्या यात्रेत काढलेला. मागे पडद्यावर ताजमहाल, आणि तो बांधल्याचे बिल आत्ताच हातात पडावे असा आबांचा चेहरा. त्यांचे हसू हे माणातल्या पावसासारखे होते. भरून यायचे आणि दुसऱ्या तालुक्यात जाऊन पडायचे. सावकाराचे व्याज, कोरडी विहीर आणि लग्नाच्या दोन बहिणी एवढे डोक्यावर असताना आणखी काय पडणार? त्यांनी कडुनिंबाखाली बसून मोत्याला दोन्ही हातांनी धरले आणि चेहरा ताजमहालाचा केला.

"मोत्या, जरा हलू नकोस!" मी ओरडलो.

"आरं, जित्तं हाय त्ये," आबा म्हणाले. "जित्तं हाय म्हंजी हलायचंच की."

मी खटका दाबला आणि त्याच क्षणी मोत्या वळला आणि त्याने आबांचे तोंड मिशीसकट चाटले. शेवटचा फोटोही गेला म्हणून मी कपाळावर हात मारला.

तालुक्याच्या गावी रोल धुतला. बाराव्या फोटोत मोत्या म्हणजे काळा फराटा होता आणि त्याला तीन शेपट्या होत्या. आबांकडे मी नीट पाहिलेही नाही. ट्रंकेच्या तळाशी तो पडून राहिला.

१९८४ साली आबा गेले. तेराव्याला फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली. ताजमहालाचा फोटो कसरीने खाल्लेला. मग ट्रंकेच्या तळातून तो बारावा निघाला. आबा मान मागे टाकून हसत होते. त्यांना दाढेजवळ एक दात नव्हता, हे मला त्या दिवशी कळले.

स्टुडिओवाला माणूस सज्जन. तो म्हणाला, "फेस झकास आहे. ब्रश मारून कुत्रं घालवतो. त्या जागी एक फुलाची कुंडी काढून देतो." मलाही ते शोभेलसे वाटले. घरी येऊन आईला सांगितले. फोटोतले तिला काही कळत नसे. तिने तो हातात घेतला, पदराने पुसला.

"कुत्रं काढल्यावर ह्यांनी कुनाकडं बघून हसायचं?" ती म्हणाली. "कुंडीकडं?"

भिंतीवर आजही आबा आहेत, हार आहे आणि तीन शेपट्यांचा मोत्या आहे. नवा पाहुणा आला की आधी आबांना नमस्कार करतो आणि मग हळूच विचारतो, "हे काय आहे?"

नातीलाही मी तोच दाखवला. मोत्याला फोटो म्हणून एवढाच. डाक खात्याने २००५ साली चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली. त्यांत हिमालयातले मेंढपाळ कुत्रे होते, रामपूरचे होते, राजापालयमचे होते, कर्नाटकातल्या मुधोळचेही होते. तिकिटावर जायला घराणे लागते. मोत्याच्या घराण्याची चौकशी केली असती, तर निम्मे गाव अडचणीत आले असते.

नातीने मोबाइलने भिंतीवरच्या फोटोचा फोटो घेतला. बोट फिरवून त्यावरचे ओरखडे पुसले, डाग पुसले, आबांच्या मिशीवर उजेड पाडला. मी तोंडात बोट घालून बघत होतो. मग ती म्हणाली, "आजोबा, शेपटी हललीय. दोन पुसून एक ठेवू? एकदम शार्प दिसेल."

"नको," मी म्हणालो. "तिन्ही राहू देत. आबा हसले तेव्हा ती तेवढीच हलत होती."