झिलई

आमच्या अभ्यासिकेतील टेबलावर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी सध्या फोमच्या सात चकत्या पडलेल्या आहेत. एक नारिंगी, एक पांढरी, दोन पिवळ्या, दोन काळ्या, आणि एक मूळची पांढरी परंतु आता गर्द निळी झालेली. घरी येणारा मनुष्य प्रथम त्यांच्याकडे पाहतो व मग आमच्याकडे. भांडी घासण्याचे हे स्पंज प्राध्यापकाच्या टेबलावर कशास, हा प्रश्न आम्ही अनेकांच्या चेहऱ्यावर वाचला आहे. "अहो, निदान पेपर तपासून होईपर्यंत तरी हे कपाटात ठेवा," असे सौभाग्यवतींनी दोनदा सुचविले. आम्ही ते ऐकले नाही. या सातांतून कोणती चकती उचलावी या विचारात आमचे तीन महिने गेले आहेत, व उत्तरपत्रिका तपासण्यापेक्षा हे काम अधिक जबाबदारीचे आहे असे आमचे प्रामाणिक मत झाले आहे.

आमच्या तीर्थरूपांनी १९८४ साली नंबर लावून प्रीमिअर पद्मिनी घेतली. रंग गर्द निळा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी महाराष्ट्रास मुख्यतः काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने परिचित आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी एखाद्या पुढाऱ्यावर लिहावेत तसे मृत्युलेख लिहिले. आमची पद्मिनी मात्र जिवंत आहे. वडील दर रविवारी जुन्या धोतराच्या फडक्याने तिला पुसत. त्यांचे स्नान एक वेळ लांबे, पण हे काम लांबत नसे. ते गेल्यावर गाडी नऊ वर्षे उभीच राहिली. उन्हाने रंग इतका मेला की बॉनेटवर हात फिरविताच तळहातास निळसर भुकटी लागे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही ती एका गॅरेजात पॉलिशसाठी दिली. तेथील कारागिराने गरगर फिरणारे यंत्र, लोकरीचा पॅड आणि भरड कंपाउंड घेऊन दीड तासात गाडी चमकवून दिली. दुरून पाहता ती आरशासारखी दिसे. घरी आणून जवळून पाहिली तो बॉनेटच्या उंचवट्यावर बोटभर लांबीची करडी रेघ. रंग संपून खालचे अस्तर उघडे पडले होते. "एवढं चालायचंच, साहेब, टचअप मारून देतो," असे उत्तर मिळाले. आमचे धाकटे बंधू नाशिकहून आले, त्यांनी रेघ पाहिली आणि म्हणाले, "दादा, आता सगळीच रंगवून घे. नवी कोरी दिसेल." त्यांचे म्हणणे व्यवहारास धरून होते. तरी आम्ही होकार दिला नाही. गाडी नवी दिसावी अशी आमची इच्छाच नव्हती; ज्या रंगावरून वडिलांचा हात तीस वर्षे फिरला तो रंग राहावा, एवढीच होती. बंधूंनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. त्यानंतर गाडी रंगाऱ्याकडे जाईल हे ठरले.

येथे आम्हांस आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे शिष्यत्व पत्करावे लागले. गाड्यांस झिलई देण्याचा त्याचा स्वतंत्र व्यवसाय आहे. आमच्या वर्गात तो मागील बाकावर झोपत असे. त्याच्या वर्गात आम्ही जागे राहिलो. त्याने पहिल्याच दिवशी आमची एक समजूत मोडून काढली. पोळीवर तूप लावावे तसे पॉलिश रंगावर लावावयाचे असते असे आम्ही मानीत होतो. वस्तुतः पॉलिशमधील सूक्ष्म कण रंगाचा वरचा थर घासून काढतात. ओरखडा भरून येत नाही. त्याच्या भोवतीचा रंग त्याच्या तळापर्यंत खाली आणला म्हणजे तो दिसेनासा होतो. "सर, प्रत्येक चकाकी ही वजाबाकी असते," असे तो म्हणाला. परीक्षेत त्याने असे एक जरी वाक्य लिहिले असते तर त्याचा वर्ग निश्चित बदलला असता!

आजच्या गाड्यांवर मूळ रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. त्याची जाडी बहुधा ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. निदान घासला जातो तो हा वरचा थर, रंग नव्हे. पद्मिनीच्या काळच्या साध्या रंगावर असे पांघरूण नाही. तेथे घासला जातो तो रंगच, व तो पॅडवर उतरतो. विद्यार्थ्याने जाडी मोजण्याचे यंत्र लावून पाहिले. टपावर अस्तरासह ११० मायक्रॉन, बॉनेटच्या मध्यावर ८०. त्या उंचवट्यापाशी मात्र त्याने आकडा आमच्यापासून लपविण्याचा प्रयत्न केला. कडांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि यंत्राचा सारा दाब तेथेच एकवटतो, हे गॅरेजवाल्याने ध्यानात घेतले असते तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग न येता.

आता चकत्यांविषयी. हा फोम म्हणजे पॉलियुरेथेन. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या रसायनाचा शोध लावला त्याचेच हे फुगीर अपत्य. गाद्याउशांत तोच असतो. पॅड ताठ असला म्हणजे तो पॉलिशचे कण रंगात रेटतो व अधिक कापतो. मऊ असला म्हणजे दबतो आणि नुसता गोंजारतो. एकच पॉलिश ताठ पॅडवर करवत होते व मऊ पॅडवर रुमाल होते. हे इतके सोपे असता रंगांनी घोटाळा करून ठेवला आहे. एका कारखान्याचा पांढरा पॅड मध्यम, तर दुसऱ्याचा पांढरा चांगलाच कापणारा. काळा बहुधा मऊ असतो, पण या 'बहुधा'वर विसंबून कोणी वडिलांची गाडी घासावी? आम्ही शेवटी रंग विसरून अंगठ्याने दाबून पाहण्याची पद्धत स्वीकारली. मंडईत पेरू दाबून पाहण्याचा अनुभव येथे कामी आला.

आकाराचेही शास्त्र आहे. यंत्राची तबकडी पाच इंचांची असेल तर पॅड साडेपाचाचा असावा. नाहीतर तबकडीची कडा रंगास खरवडते. आम्ही घेतलेले यंत्र स्वतःभोवती फिरता फिरता लहानशी प्रदक्षिणाही घालते. त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही. पण जोर दिला की त्याचे फिरणे थांबते व ते नुसते थरथरते. हे कळावे म्हणून तबकडीच्या कडेवर शाईची एक रेघ ओढावयाची आणि ती फिरते आहे ना हे पाहावयाचे. पॅड फार जाड व फार मऊ असेल तर ती थरथरही त्याच्याच पोटात जिरते. जमिनीवर पडलेला पॅड धुतल्यावाचून पुन्हा लावू नये, एक खडा शंभर ओरखडे काढतो. हा नियम आमच्याकडून पहिल्याच दिवशी मोडता मोडता राहिला.

गाडी धुऊन, चिकणमातीसारख्या विशिष्ट वडीने पृष्ठभाग साफ करून, सावलीत दीड फुटांचा चौकोन चिकटपट्टीने आखला. प्रारंभ सौम्यापासून करावयाचा हा दंडक. काळा पॅड व बारीक पॉलिश घेतले. मेलेल्या रंगाची भुकटी पॅडच्या छिद्रांत बसून तो लगेच गच्च झाला, काम फारसे झाले नाही. मग पांढरा लावला. चार फेऱ्यांनंतर फडक्याने पुसले, आणि १९८४ सालचा निळा रंग खालून वर आला. आम्ही यंत्र उलटे केले तो पॅड निळा. मापकाने पूर्वीइतकीच जाडी दाखविली. इतका सूक्ष्म फरक त्यास कळत नाही हे आम्हांस ठाऊक होते. पॅडला तो कळला होता.

नारिंगी पॅड लावला तर उरलेले बारीक ओरखडेही जातील, असे विद्यार्थ्याने सांगितले. आम्ही तो वापरला नाही. बॉनेट व टप तेवढे पांढऱ्याने केले, गच्च होतील तसे पॅड बदलीत, दारे काळ्याने, कडांवर पट्टी चिकटवून त्या हातानेच पुसल्या. मागील डाव्या दारावर एक लांब ओरखडा आहे. तो आमच्याच सायकलच्या हँडलचा, १९८५ सालचा. नख अडकते इतका तो खोल आहे, आणि नख अडकेल असा ओरखडा पॉलिशने जात नाही. त्या दिवशी वडील आम्हांस काही बोलले नव्हते. पुढल्या रविवारी त्यांनी फडके त्या जागेवरून दोनदा फिरविले, इतकेच.

दिवाळीस बंधू आले. गाडीभोवती त्यांनी दोन फेऱ्या घातल्या, करड्या रेघेपाशी वाकून पाहिले, दारावरच्या ओरखड्यावर बोट ठेवले आणि किल्ली मागितली. ते तासाभराने परत आले. रंगाऱ्याचा विषय निघाला नाही.

सायंकाळी आम्ही कोमट पाण्यात साबण घालून पॅड धुण्यास बसलो. पिळताच बादलीतील पाणी निळे झाले. सौभाग्यवती बाहेर आल्या, म्हणाल्या, "ओतू का हे मोरीत?"

"राहू दे थोडा वेळ," आम्ही म्हणालो.