एकाच घरातली दहा अजिंक्यपदे

‘नवाकाळ’कार नीळकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली : वासंती, जयश्री आणि रोहिणी. बुद्धिबळाचे पहिले राष्ट्रीय महिला अजिंक्यपद १९७४ मध्ये वासंतीने पटकावले आणि १९८३ पर्यंतची दहाही अजिंक्यपदे याच घरात आली. पाच रोहिणीकडे, चार जयश्रीकडे.

१९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि एकच गहजब झाला. प्रकरण थेट उच्च न्यायालयात गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्वाळा दिला, की राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांची दारे स्त्रियांना बंद करता येणार नाहीत. त्या स्पर्धेत रोहिणीने तीन राज्य विजेत्यांना हरवले. १९८१ मध्ये हैदराबादला ती आशियाई विजेती झाली.

पुढे पट मागे पडला. रोहिणीताईंनी ‘संध्याकाळ’चे, तर जयश्रीताईंनी ‘नवाकाळ’चे संपादकपद सांभाळले. आज गावोगावच्या स्पर्धांत मुली मुलांसमोर निःसंकोच बसतात. ती वाट एका शाळकरी मुलीने हट्टाने मोकळी केली, हे आपल्या लेकींना जरूर सांगावे.